पोवळं जगलं, कोळ्याचं काय?

लोकलमध्ये असाल तर आरामात ऐका, बाईकवर असाल तर आधी बाजूला थांबा. आजचा विषय जरा लांबचा वाटेल, पण तो आपल्या दारातला आहे.

विषय आहे प्रवाळ. आपल्या बोलीत पोवळं. आजीच्या अंगठीत मंगळासाठी घातलेलं जे लाल पोवळं असतं ना, तेही याच कुळातलं. ते मात्र दूरच्या समुद्रातून येतं. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते हाजीअली, वरळी आणि मालवणच्या खडकांवर बसलेले आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. एकेक जीव काही मिलिमीटरचा, असे शेकडो एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगातून चुन्याचं घर काढत बसतात. बहुतेक भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहतं. ते उन्हात अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेच जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे भाडेकरू बाहेर पडतात. प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. पाणी लवकर गार झालं तर वाचतं, नाही झालं तर संपतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर एकाच वेळी पांढरं पडण्याची ही चौथी वेळ सुरू आहे.

आता हे सगळं मी का सांगतेय? मी काही समुद्रशास्त्राची नाही. बी.टेक. केलं, नोकरी सॉफ्टवेअरची. कंटेनर कुठल्या यार्डात आहे, कधी गेटबाहेर पडला, हे दाखवणाऱ्या सिस्टिमवर काम करते. राहायला न्हावा शेव्याजवळ. एक गंमत सांगते. बंदराचं नाव आपण एका दमात घेतो, पण न्हावा पनवेल तालुक्यात आणि शेवा उरण तालुक्यात. दोन वेगळी गावं. बंदराने त्यांचं एक नाव करून टाकलं आणि जगभरच्या शिपिंगच्या कागदांवर तेच छापलं जातं.

तर इथे राहून एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. निसर्ग वाचवायचा म्हणजे नक्की काय वाचवायचं आणि ते वाचलं हे मोजायचं कसं? हा प्रश्न मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो मुंबईच्या कोस्टल रोडच्या प्रवाळांमध्ये. तिथूनच सुरुवात करते.

मुंबईत प्रवाळ आहेत हे बऱ्याच मुंबईकरांनाही माहीत नसतं. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाचे लोक ओहोटीच्या वेळी खडकांवर माणसांना घेऊन जाऊ लागले. गिरगाव, हाजीअली, जुहू अशा ठिकाणी. तेव्हा कुठे शहराला कळलं की आपल्या गढूळ पाण्यातही इतकं काही जगतंय. ही प्रवाळं टीव्हीवर दिसतात तशी बागेसारखी नसतात हं. छोट्या वसाहती, पुष्कळशा तळहातावर मावतील एवढ्या. पण प्रवाळ म्हटलं की कायदा आला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणारी प्रवाळं आहेत. म्हणजे कागदावर वाघाच्या शेजारी.

कोस्टल रोडच्या भरावाखाली वरळी आणि हाजीअलीच्या अशा १८ वसाहती येत होत्या. सगळ्या मिळून जागा एक चौरस मीटरसुद्धा भरत नव्हती. वन खात्याची परवानगी काढली गेली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेतली, आणि २०२० च्या अखेरीस या वसाहती खडकासकट काढून मुंबईतच दुसरीकडे नेऊन बसवल्या. नंतर महापालिकेकडून माहिती आली की त्यातल्या बहुतेक जगल्या. चांगली गोष्ट आहे. मी याची चेष्टा करत नाहीये. कायद्याने एका तळहाताएवढ्या जिवासाठी हजारो कोटींच्या कामाला थांबून विचार करायला लावला, हे आपल्याकडे रोज घडत नाही.

पण त्याच किनाऱ्यावर, त्याच रस्त्याखाली वरळी कोळीवाडा आहे. तिथल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडतात. रस्ता जिथे सागरी सेतूला जोडायचा होता, तिथे पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. कोळ्यांचं म्हणणं साधं होतं. लाटा असताना, वारा असताना, दोन होड्या समोरासमोर आल्यावर ६० मीटरमधून जायचं म्हणजे कधीतरी होडी खांबावर आपटणार. त्यांनी १६० मीटर मागितले. अर्ज केले, बैठका झाल्या, शेवटी होड्या घेऊन काम अडवलं. डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तडजोड झाली.

दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवा. पोवळ्याला हात लावण्याआधी परवानगी लागली. होडीची वाट अरुंद करण्याआधी कुणाची परवानगी लागली नाही. काम सुरू झाल्यावर कोळ्यांनी भांडून ती मिळवली. पोवळ्याला कायद्यात अनुसूची आहे, होडीच्या वाटेला नाही. मला वाटतं आपल्या पर्यावरणाच्या कामातली मोठी गडबड इथेच आहे. आणि यात पोवळ्याचा काही दोष नाही.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना लगेच कळेल असं सांगते. १८ पैकी किती वसाहती जगल्या, ही झाली युनिट टेस्ट. ती पास होणं गरजेचंच आहे. पण ती पास झाली म्हणून सगळं ॲप चालतंय असं कुणी म्हणत नाही. त्या खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका अजून तिथे जाऊ शकतात का? पाण्याचा ओघ बदलला का? लहान होडीला आता किती लांब जावं लागतं, डिझेल किती जळतं? हे कुणी मोजलंच नाही तर रिपोर्ट हिरवाच दिसणार.

आता आमच्याकडे या. न्हावा शेव्यात प्रवाळ नाहीत. इथे चिखल आहे. खाडी, खाजण, तिवरांची झाडं. ज्याला सरकारी भाषेत कांदळवन म्हणतात. दिसायला काही सुंदर वगैरे नाही. कुणी चिखलापुढे उभं राहून सेल्फी काढत नाही. पण निवटी, चिंबोरी, कोळंबी, शिंपल्या आणि तो प्रसिद्ध जिताडा, सगळं या चिखलाच्या जिवावर. प्रवाळभित्ती उष्ण समुद्रात जे काम करते, म्हणजे पिल्लांना लपायला जागा, लाटेला अडसर आणि किनाऱ्यावरच्या माणसाला रोजचं जेवण, ते काम आमच्याकडे तिवर आणि चिखल मिळून करतात.

बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. त्याआधीचा जमिनीचा लढा, १९८४ चा जासईचा गोळीबार, दि. बा. पाटील, हे सगळं इथल्या प्रत्येक घरात माहीत असतं. जमीन गेलेल्यांचा हिशोब निदान मांडला तरी गेला. साडेबारा टक्क्यांची योजना आली, तिच्यावर आजही वाद चालू आहेत, पण निदान सातबारा होता. पाणी गेलेल्यांचं काय? खाडीला सातबारा नसतो. ज्या खाजणात बापजाद्यांनी पाग टाकला, ते कुणाच्या नावावर नव्हतंच.

म्हणून २०१५ चा निकाल महत्त्वाचा. पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. म्हणणं असं की बंदराच्या भरावामुळे भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या, तिवरं गेली आणि मासेमारीच्या जागा गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल लागला. १,६३० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार रुपये. गुणाकार करून बघा, ९५ कोटी १९ लाख २० हजार होतात. मोठा वाटा बंदराचा, बाकी सिडको आणि ओएनजीसीचा. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ती कहाणी लांबलचक आहे. पण देशात पहिल्यांदाच असेल कदाचित, की एका न्यायपीठाने इतक्या स्पष्टपणे आकडा लिहिला: भरतीचं पाणी अडवलं तर त्याची किंमत माणसाच्या रोजीरोटीत मोजली जाईल.

आता यातली मला खटकणारी गोष्ट. निकालाची रक्कम कुटुंबामागे सरसकट. कुणाची खाडी पूर्ण गेली, कुणाची अर्धी, कुणी रोज जायचं, कुणी फक्त उधाणाच्या दिवसांत. सगळ्यांना सारखे. वेगळं करणार तरी कसं? आधी कोण किती मासे आणत होतं, कुठून आणत होतं, याची घरोघरची नोंद कुठे होती? आमच्या भाषेत बेसलाइन नव्हती. बेसलाइन नसली की नुकसान सिद्ध करणं म्हणजे बॅकअप न घेतलेल्या डेटाची भरपाई मागण्यासारखं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येते त्याच्याकडे.

मधल्या काळात तिवरांना चांगले दिवस आले, हे सांगितलंच पाहिजे. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष सुरू केला. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होतं, २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४. ग्राफ वर जातोय. मस्त.

पण खाडीवरच्या म्हाताऱ्या माणसाला हा ग्राफ दाखवा आणि विचारा, मासळी वाढली का? तो हसेल. कारण तिवरांचं क्षेत्र वाढण्याची कारणं अनेक असतात. एक कारण असंही आहे की खाडीत गाळ साचतो, उघडा चिखल उंच होतो आणि त्यावर तिवर चढतो. उपग्रहाला ते हिरवं दिसतं. पण त्या उघड्या चिखलातच बाया शिंपल्या वेचायच्या, निवट्या पकडायच्या, थंडीत पक्षी उतरायचे. म्हणजे एक अधिवास वाढला आणि दुसरा खाऊन टाकला. शिवाय भरतीचं पाणी येण्याची नाळ बंद असेल तर लावलेली रोपं मरणारच. रोपं लावणं सोपं, फोटो छान येतो. नाळ उघडणं म्हणजे कुणाचा तरी रस्ता, कुणाचा तरी भराव, कुणाची तरी पाइपलाइन आड येते. खरं काम तिथे आहे.

बरं, आता खऱ्या प्रवाळाकडे. मालवण.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी, पद्मगडाच्या आसपासचे खडक, हा महाराष्ट्राचा प्रवाळांचा खरा खजिना. तसा अजून एक आहे, आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखालचं पठार, नाव कान्होजी आंग्र्यांवरून. २०१९ च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांची मोहीम तिथे गेली होती. पण तिथे ना वस्ती ना पर्यटक, म्हणून आज ते बाजूला ठेवते.

मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं. साधारण २९ चौरस किलोमीटर. आणि जाहीर झाल्यापासून मच्छीमारांनी त्याला विरोध केला. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय हे लोक, मासे वाचले तर यांचाच फायदा ना? पण जरा त्यांच्या जागी उभे राहा. तुमच्या घरासमोरच्या पाण्यावर एक रेषा ओढली गेली. आत काय चालेल, काय नाही, हे तुम्हाला विचारून ठरलेलं नाही. उद्या रापण ओढायला आडकाठी होईल का? होडी नांगरायला? कुणी सांगत नाही. आणि तिकडे बाहेर मोठ्या पर्ससीन बोटी थवेच्या थवे उचलून नेतायत, त्यांना कुणी अडवत नाही. अशा वेळी विरोध हाच शहाणपणा ठरतो. वर्षानुवर्षं हे अभयारण्य बरंचसं कागदावर राहिलं याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

२०१० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, म्हणजे यूएनडीपीचा एक प्रकल्प सिंधुदुर्गात आला. तो मला आवडतो, कारण त्यांनी सुरुवात फक्त प्रवाळांपासून केली नाही. खेकडापालन, कालवांची शेती, ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आस लावायची म्हणजे छोटी पिल्लं निसटतील, वेंगुर्ल्याला बचत गटाच्या महिलांची कांदळवन सफर, तारकर्लीला स्थानिक पोरांना पाणबुडीचं प्रशिक्षण. आणि यातच एक काम प्रवाळ रोपणाचं. तुतिकोरिनच्या सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेचा मन्नारच्या आखातातला अनुभव होता, त्यांची मदत घेतली गेली.

प्रवाळ रोपण म्हणजे काय, तर कोकणातल्या माणसाला एका शब्दात कळेल: कलम. निरोगी वसाहतीचा छोटा तुकडा घ्यायचा, सिमेंटच्या चौकटीवर घट्ट बांधायचा आणि पाण्याखाली योग्य खोलीवर ठेवायचा. तुकडा जगला तर चौकट धरतो, वाढतो. हापूसच्या कलमात जी अडचण तीच इथे. सगळी कलमं एकाच झाडाची असली की एक रोग किंवा एक कडक उन्हाळा सगळ्यांना एकदम झोपवतो. म्हणून तुकडे वेगवेगळ्या वसाहतींचे घ्यावे लागतात. आणि वेग? मालवणला बरीचशी प्रवाळं गोट्यासारखी किंवा खडकावर थर धरणारी. अशी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुम्ही आज पंचविशीत असाल आणि आज एक तुकडा लावला, तर तुमच्या निवृत्तीला तो कलिंगडाएवढा होईल. प्रकल्पाची मुदत मात्र पाच-सात वर्षांची.

आणि मग त्याच वर्षांत पर्यटन आलं. तुम्ही गेला असाल मालवणला. स्नॉर्केलिंग, स्कुबा, पाण्याखालचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये. किल्ल्याजवळ एकाच खडकावर एका सकाळी किती होड्या लागतात ते बघा. २०२० मध्ये गोव्याच्या त्याच समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शोधनिबंध लिहिला की मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळ मोडतायत. पोहता न येणारा माणूस पाण्यात उतरला की पाय टेकायला काहीतरी शोधतोच, आणि खाली प्रवाळ असतं. आता गंमत बघा. मासेमारी कमी झाली म्हणून मच्छीमाराचा पोरगा पर्यटनात आला. म्हणजे योजनेच्या भाषेत 'पर्यायी उपजीविका' यशस्वी. आणि तीच उपजीविका जिच्यावर उभी आहे ते प्रवाळ मोडतंय.

मी त्या पोरांना दोष देणार नाही. सहा महिने पाणी स्वच्छ असतं, पावसात धंदा बंद, होडीचं कर्ज डोक्यावर. तुम्ही-आम्ही त्यांच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, मग ते एका फेरीत जास्त माणसं बसवतात. होडीने नांगर टाकू नये म्हणून कायमचे बोये बांधायचे, एका खडकावर एका वेळी ठरावीक माणसंच उतरवायची, पोहता येत नसेल तर वरूनच बघायचं. हे उपाय काही रॉकेट सायन्स नाहीत. पण ते पाळायचे कुणी? वरून आलेला गार्ड, की सगळ्या होडीवाल्यांनी मिळून? इथेच प्रवाळाचं भवितव्य ठरतं, सिमेंटच्या चौकटीत नाही.

फिलिपाइन्समध्ये आपो नावाचं छोटं बेट आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या गावकऱ्यांनी एका विद्यापीठाच्या संशोधकांशी बोलून आपल्या भित्तीचा एक छोटा तुकडा मासेमारीसाठी बंद केला. स्वतः पहारा केला. काही वर्षांत त्या तुकड्यातून मासे बाहेर पसरू लागले, पर्यटक आले, त्यांच्याकडून शुल्क घेतलं ते गावाच्या कामाला. जगभर उदाहरण म्हणून दाखवतात. पण २०११ आणि २०१२ च्या वादळांनी त्याच बंद तुकड्याची पार वाट लावली. म्हणजे गाव कितीही शहाणं असलं तरी समुद्र तापतोय, वादळं येतायत, हे गावाच्या हातात नाही. इंडोनेशियात सुलावेसीजवळ सुरुंग लावून मासे मारल्याने भित्तीचा चुरा झाला होता. तिथे वाळूचा थर दिलेल्या लोखंडी चौकटी जमिनीवर जाळीसारख्या जोडल्या आणि प्रवाळाचे तुकडे बांधले. २०२४ मधल्या एका अभ्यासात दिसलं की चार वर्षांत तिथली वाढ निरोगी भित्तीच्या बरोबरीने आली. जबरदस्त आहे हे. पण लावलेली बहुतेक प्रवाळं फांद्यांची, पटापट वाढणारी. मालवणच्या गोट्यांना तो वेग लागू करू नका.

आपल्याकडचं एक उदाहरण मात्र मला या सगळ्यापेक्षा जास्त पटतं आणि त्यात प्रवाळ नाहीच. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्राने योजना आणली. जाळ्यात कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई, २५ हजार रुपयांपर्यंत. किती साधं. आधी कायदा म्हणायचा, मारू नका, नाहीतर तुरुंग. मग काय व्हायचं? कुणी सांगायचंच नाही. आता माणूस मोबाइलवर व्हिडिओ काढतो, पाठवतो, आणि त्यातून कुठल्या पाण्यात कुठला प्राणी फिरतो याचीही माहिती जमते. जाळं त्याचं, नुकसान त्याचं, म्हणून पैसेही त्याला. प्रवाळासाठी असं काही का नसावं? आठवड्यातून दोन दिवस खडकाला विश्रांती देणाऱ्या होडीवाल्यांच्या गटाला त्या दोन दिवसांचे पैसे. माझं गणित असं की चौकटी बनवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आता परत बेसलाइनकडे येते. हे सगळं आजच का बोलायचं? डहाणूजवळ वाढवण बंदर होतंय. केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी, आणि त्यात ७४ टक्के हिस्सा आमच्याच न्हावा शेव्याच्या बंदर प्राधिकरणाचा. समुद्रात चौदाशेहून जास्त हेक्टर भराव. तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करतायत. मी बंदराच्या जिवावर जेवते, त्यामुळे बंदरं नकोच असं मी म्हटलं तर तुम्ही मला हसाल. पण १९८९ ते २०१५ मध्ये २६ वर्षं आहेत. तेवढी वर्षं परत कुणाला लागू नयेत एवढं तर म्हणू शकते ना.

म्हणून इकडे काही दिवसांपासून आम्ही चार-पाच जण एक छोटं काम करतोय. दोघी आयटीतल्या, एक कॉलेजचा पोरगा, आणि बाकी खाडीवर जाणारी माणसं. रोजच्या मासेमारीची नोंद. सुरुवातीलाच एक काका म्हणाले, "जागा लिवायची नाय, बाय." बरोबर आहे त्यांचं. मासे मिळण्याची जागा म्हणजे त्यांचा पासवर्ड. जीपीएसचा ठिपका एकदा फाइलमध्ये गेला की तो कुणाच्या हातात पडेल याची हमी मी देऊ शकत नाही. मग आम्ही खाडीचे सहा मोठे पट्टे केले, फक्त पट्ट्याचा नंबर लिहायचा. फाइल कुणाकडे राहणार हेही त्यांनीच ठरवलं: वही त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त महिन्याची बेरीज.

वेळेचा रकाना आम्ही घड्याळावर ठेवणार होतो. काकांनी तिथी घालायला लावली. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. सहाच्या आसपास पूर्ण भरती. खरं तर भरती रोज ४८-५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण म्हणजे ४५, त्यामुळे पौर्णिमेपर्यंत थोडी चूक साचते, पण होडी घेऊन निघायला एवढं पुरतं. एका ओळीचा अल्गोरिदम, बॅटरी लागत नाही, नेटवर्क लागत नाही. मी ऑफिसमध्ये सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

वहीत आता रकाने असे: तिथी, पट्टा, पाग की डोल, काय मिळालं, अंदाजे किती, घरी खाल्लं की विकलं. आणि शेवटचा एक, जो काकांच्या बायकोने सुचवला: 'गेलो नाही, का?' त्यात लिहिलेलं असतं, पाण्यावर तेलाचा तवंग होता. नाळेत पाणीच आलं नाही. लग्न होतं. भांग होती. गाळात होडी रुतली. एका महिन्यात सगळ्यात जास्त भरलेला रकाना हाच निघाला. 'नाळेत पाणीच आलं नाही' हे एकाच पट्ट्याच्या पुढे नऊ वेळा आलंय, आणि पुढच्या अमावस्येच्या उधाणाला आम्ही ती नाळ बघायला जाणार आहोत.